सबवूफर सोफ्यामागे न्यायचा आहे, पण केबल पुरत नाही

शनिवारपेठी

मंडळी, घरगुती पण जरा किचकट प्रश्न आहे.

आमचा हॉल १८ बाय १२ फुटांचा. १२ फुटांच्या भिंतीवर टीव्ही, खाली युनिटमध्ये एव्ही रिसीव्हर (टीव्हीचा आवाज सगळ्या स्पीकरना वाटणारा डबा), आणि युनिटला चिकटून १० इंची सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या सुरांचा, बेसचा स्पीकर. ॲक्टिव्ह आहे, म्हणजे स्वतःचा ॲम्प्लिफायर आणि स्वतःचा थ्री-पिन प्लग. सोफा साधारण हॉलच्या मध्यावर, त्यामागे डायनिंग टेबल. तक्रार अशी की सोफ्यावर बेस येतच नाही आणि स्वयंपाकघराच्या दाराशी मात्र भांडी थरथरतात. सासूबाईंच्या मते हे यंत्र त्यांच्यासाठीच घेतलं आहे.

रांगायचा प्रयोग केला. सब सोफ्यावर ठेवून एक बेसचं गाणं सारखं लावलं आणि भिंतीकडेने रांगत कुठे चांगलं ऐकू येतं ते बघितलं. सगळ्यात भरीव आणि सुटसुटीत आवाज उजव्या भिंतीला, सोफ्याच्या थोडं मागे, क्रॉकरी युनिटशेजारी येतो. तिथे प्लग पॉइंटही आहे, वेगळ्या बोर्डवर.

अडचण वायरीची. सबबरोबर आलेली आरसीए केबल (रिसीव्हरचा सिग्नल सबला नेणारी) ३ मीटरची. नवी जागा भिंतीकडेने गेलं तर चाळीस फूट लांब, कारण मध्ये बाल्कनीचं दार येतं आणि त्याच्या चौकटीवरून फिरावं लागतं. इंटीरियर नुकतंच झालंय, त्यामुळे भिंतीला झिरी मारायचं नाव काढायचं नाही.

प्रश्न: इतक्या लांब केबलने बेस कमी होतो का? आवाज उशिरा पोचतो का? कोणती केबल घ्यावी? की वायरलेस?

भटकभवानी

वायरलेस किट घ्या आणि मोकळ्या व्हा. ट्रान्समीटर रिसीव्हरला, दुसरा डबा सबला. पट्ट्या नाहीत, सुतार नाही.

सोनेरीकान

वायरलेसच्या नादी लागू नका. पण चाळीस फूट साधी केबल टाकलीत तर बेस पातळ होणार, हेही सांगून ठेवतो. एवढ्या लांबीला शुद्ध तांब्याची, चांदीचा मुलामा असलेली, खास सबवूफरची म्हणून मिळते तीच घ्या. पैसे जातील, पण एकदाच.

वायरमन

शनिवारपेठी, आधी तुमच्या भीतीचा हिशेब करू.

रिसीव्हरच्या सब-आउटमधून निघतो तो लाइन लेव्हल सिग्नल. एक-दोन व्होल्ट, आणि करंट जवळजवळ नाहीच, कारण सबच्या इनपुटचा रोध सहसा १० हजार ओहम किंवा त्याहून जास्त असतो. केबलची तार दोन-चार ओहमची असली तरी दहा हजारांपुढे ती कुणाच्या खिजगणतीत नाही. स्पीकरच्या वायरीला जाडी लागते कारण तिथे करंट वाहतो. इथे तो वाहत नाही.

लांब केबल खरोखर काही खात असेल तर ते वरचे सूर, तिच्या कपॅसिटन्समुळे, म्हणजे तार आणि जाळीमध्ये जो थोडा भार साठतो त्यामुळे. कोॲक्स केबलचा (मध्ये एक तार, भोवती जाळी) कपॅसिटन्स मीटरला साधारण ६५ पिकोफॅराड धरा. तुमचे चाळीस फूट म्हणजे १२ मीटर, सैल १५ धरले तर झाले हजारेक. रिसीव्हरच्या आउटपुटचा रोध अगदी वाईटात वाईट १ हजार ओहम धरला तरी आवाज उतरायला लागतो तो सुमारे १,६०,००० हर्ट्झला. सिनेमातला खास बेसचा, एलएफई चॅनेल १२० हर्ट्झला संपतो. केबल १०० मीटर केली तरी ती रेषा २४,००० हर्ट्झच्या आसपास राहते. म्हणजे लांबीचा तोटा सगळ्यात शेवटी कुणाला होईल तर तो सबवूफरला.

उशिराचं म्हणाल तर केबलमधला सिग्नल प्रकाशाच्या वेगाच्या दोन-तृतीयांशाने जरी गेला तरी १५ मीटरला एका सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आत पोचतो. तुमच्या सोफ्याच्या दोन टोकांवरच्या माणसांमधला फरक त्याच्या हजारोपट आहे.

सोनेरीकान, म्हणून बेस पातळ होत नाही. पण लांब केबलला दुसरा एक त्रास खरा असतो, तो म्हणजे हमिंग. घुंऽऽ असा ५० आणि १०० हर्ट्झचा आवाज. नवा पॉइंट वेगळ्या बोर्डवर आहे म्हणता, तर त्याची शक्यता आहे. केबल निवडताना त्याचा विचार करा, चांदीचा नको.

आणखी एक. केबलआधी सोफा सरकवून बघा. १८ फूट म्हणजे साधारण साडेपाच मीटर. त्या लांबीत पहिली उभी लाट ३१ हर्ट्झला बनते आणि तिचा आवाज खोलीच्या बरोबर मध्यावर सगळ्यात दबलेला असतो. सोफा तिथेच असेल तर तेवढा सूर सब कुठेही नेलात तरी पुरता भरून येणार नाही. फूट-दीड फूट मागे घेता आला तर फरक पडेल.

शनिवारपेठी

इतकं सविस्तर! धन्यवाद. सोफा डायनिंगच्या खुर्च्या अडणार नाहीत एवढा मागे घेतला. दीड फूटसुद्धा नसेल, पण फरक कळतो. खालचा धडधडाट आता निदान जाणवतो. तरी सबची जुनी जागा काही खरी नाही, मधले सूर कोपऱ्यातच गुरगुरतात. तेव्हा केबल टाकायचीच. पुण्यात कुठे आणि नेमकं काय मागू?

जुना रेडिओ

ताई, तपकीर गल्ली. पासोड्या विठोबापासून आत शिरा आणि मीटरवर केबल विकणारं कुठलंही दुकान धरा. ‘सबवूफर केबल’ मागू नका, नाहीतर रंगीत खोक्यातली मिळेल. ‘कोॲक्स, तांब्याची जाळी, जाळी भरगच्च’ असं मागा.

दुकानदार आधी डिशची आरजी-६ काढेल. स्वस्त असते. पण तिची दोन लक्षणं बघून घ्या. मधली तार बहुधा लोखंडी, वरून तांब्याचा मुलामा. चुंबक लावा, चिकटेल. वायरमन म्हणतात तसं त्याने बिघडत नाही. बिघडतं ते जाळीने. जाळी ॲल्युमिनियमची आणि विरळ, आतून चकचकीत कागद. हा कागद टीव्हीच्या उंच फ्रिक्वेन्सीला उत्तम, ५० हर्ट्झच्या हमिंगला त्याचा फारसा उपयोग नाही. वर ॲल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही. आरसीए पिना घरी जोडायला बसाल तर जाळी सुटून हातात येईल. आरजी-६ च घ्यायची झाली तर कॉम्प्रेशनच्या आरसीए पिना आणि त्यांचा दाबायचा चिमटा लागतो. नाहीतर टोकांना डिशच्या एफ पिना लावून त्यावर आरसीएचे ॲडॉप्टर. काम होतं, पण सबच्या मागे पाच-सहा सेंटिमीटर दांडा बाहेर येतो आणि सब भिंतीला टेकत नाही.

माझं मत आरजी-५९ ला. व्हिडिओसाठी येते ती, तांब्याच्या दाट जाळीची. थोडी बारीक, जास्त लवचिक, दाराच्या चौकटीवरून वळवायला सोपी, आणि सोल्डर छान घेते. कॅमेऱ्यांची म्हणून ‘थ्री प्लस वन’ केबल देतील, ती नको. तिच्यात पॉवरच्या तीन तारा फुकट वागवाव्या लागतात आणि आतली कोॲक्स अगदी मरतुकडी असते.

पिना धातूच्या घ्या, आत केबलला आवळायची पकड असलेल्या. लांब केबलचं वजन पिनेवर लोंबकळत ठेवू नका.

कृष्णाकाठ

आमचा सांगलीकडं मंडप-साउंडचा धंदा. आम्ही स्टेजपासून मिक्सरपर्यंत पन्नास मीटर केबल रोज टाकतोय, कुणाचा बेस गेलेला ऐकला नाही बघा. पण आमचं सगळं बॅलन्स्ड. एक्सएलआर पिन, दोन तारा आणि जाळी. दोन्ही तारांवर सारखी घाण येती आणि पुढं वजा होऊन जाती. ताईंच्या सबला मागं एक्सएलआर हाय का बघा. नसंल तर माइकची दोन तारांची केबल घ्या, एक तार मधल्या पिनेला, दुसरी बाहेरच्या कड्याला, आणि जाळी फक्त रिसीव्हरच्या बाजूला जोडा. सबच्या बाजूला मोकळी सोडा. हमिंग निम्मं मरतंय.

वायरमन

कृष्णाकाठ, एक्सएलआर दोन्ही टोकांना असेल तर तुमच्याशी शंभर टक्के सहमत, मग पुढची चर्चाच नको. घरगुती रिसीव्हरमध्ये ते फक्त महागड्या मॉडेलवर दिसतं.

माइक केबलच्या युक्तीबद्दल मात्र वेगळं मत. आरसीए दोन्ही टोकांना असताना दुसरी तार हीच परतीची वाट होते. अर्थिंगचा करंट फिरत असेल तर तो त्याच तारेतून फिरणार. जाळी एका टोकाला सोडल्याने तो थांबत नाही. उलट ती तार जाळीपेक्षा बारीक, म्हणजे तिचा रोध जास्त, आणि त्या रोधावर पडणारा व्होल्टेज म्हणजेच हमिंग. आसपासच्या वायरींमधून येणारी बारीक खरखर या युक्तीने कमी होऊ शकते. अर्थिंगची फेरी असेल तर वाढू शकते. घरांत बहुतेक वेळा दुखणं या फेरीचंच असतं.

कृष्णाकाठ

आमच्याकडं एकाच जनरेटरवर सगळं असतंय, त्यामुळं तसला फेरा आम्हाला कमी भेटतोय. मुद्दा पटला.

सोनेरीकान

मग महागड्या सब केबलवर बाण का छापलेला असतो? दिशा असते म्हणूनच ना?

जुना रेडिओ

बाण असतो कारण आत कृष्णाकाठ म्हणाले तशीच रचना असते. जाळी एकाच टोकाला जोडलेली, आणि ते टोक रिसीव्हरकडे ठेवा एवढंच बाण सांगतो. ऑडिओ सिग्नल एसी आहे. ५० हर्ट्झचा सूर सेकंदाला पन्नास वेळा जातो आणि पन्नास वेळा परत येतो, त्याला बाण वाचता येत नाही.

हडसनकाठ

न्यू जर्सीतून. आमच्या इकडे लाकडी सांगाड्याच्या पोकळ भिंती, त्यामुळे केबल आतून टाकणं सोपं. फक्त भिंतीच्या आत जाणारी केबल सीएल-२ किंवा सीएल-३ छापाची हवी, आग लागली तर ज्वाला वायरीवरून पसरू नये म्हणून. बेसमेंटमधल्या सबला आरजी-६ टाकली आहे, उत्तम चालते. आमचं हमिंग ६० हर्ट्झचं, सुरात जरा वर.

भटकभवानी

सगळे वायरीतच अडकलेत. वायरलेसला कुणी उत्तर देईल का?

वायरमन

वायरलेस वाईट नाही. झिरी नको, पट्टी नको, भाड्याचं घर असेल तर मीही तेच सुचवेन. दोन गोष्टी मात्र धरून चाला. सबला पॉवरची वायर तरी लागतेच आणि वायरलेसच्या छोट्या डब्यालाही ॲडॉप्टर लागतो, म्हणजे ‘वायर-लेस’ अर्धंच. दुसरं म्हणजे उशीर. केबलमध्ये जो उशीर नगण्य, तो इथे मोजण्यासारखा. किटच्या कागदावर लेटन्सी छापलेली असते. समजा ती २० मिलिसेकंद आहे. तेवढ्या वेळात आवाज हवेतून जवळपास ७ मीटर जातो. मग रिसीव्हरच्या मेनूमध्ये सबचं अंतर खरं आहे त्यात ७ मीटर मिळवून टाकायचं. रिसीव्हर बाकीचे स्पीकर तेवढे थांबवतो आणि सगळं जुळतं. ऑटो कॅलिब्रेशन करणारा, म्हणजे माइक लावून स्पीकर जुळवणारा रिसीव्हर हे स्वतःच मोजतो. तेव्हा तो सब १० मीटर लांब आहे असं म्हणाला तर दचकून ‘दुरुस्त’ करू नका.

ब्लूटूथचे ट्रान्समीटर-रिसीव्हर मात्र यासाठी अजिबात नकोत. त्यांचा उशीर सहसा शंभर मिलिसेकंदांच्या पुढे, मेनूत भरून निघत नाही.

ताईंकडे पॉइंट आहे, भिंतीची कड आहे आणि घर स्वतःचं आहे. केबल स्वस्त, आणि वायफाय-मायक्रोवेव्हशी भांडण नाही.

शनिवारपेठी

केबल आली आणि बसलीही. इलेक्ट्रिशियनने स्कर्टिंगच्या वरून केसिंग पट्टी मारली, दाराच्या चौकटीवरून फिरवली, पट्टीला भिंतीचाच रंग दिला. सांगितल्याशिवाय दिसत नाही. वाटेत टीव्हीमागच्या २३० व्होल्टच्या वायरी येतात, त्या काटकोनात ओलांडायला लावल्या.

आरजी-५९ त्या दिवशी दुकानात नव्हती, इलेक्ट्रिशियनही खोळंबला होता, म्हणून डिशची आरजी-६ कॉम्प्रेशन पिनांसकट आणली.

बेस सुंदर. खरंच. सोफ्यावर बसून पखवाजाची डावी बाजू पहिल्यांदा अशी ऐकली.

पण वायरमन यांची भविष्यवाणी खरी ठरली. घुंऽऽऽ. सिनेमा चालू असताना नाही जाणवत, शांत प्रसंगात आणि रात्री नुसता चालू असताना स्पष्ट येतो. जुन्या जागी हे नव्हतं. किंवा असेल तर कान लावल्याशिवाय ऐकू येत नव्हतं.

वायरमन

क्रमाने करा.

१. सब चालू ठेवून मागची आरसीए पिन काढा. घूं थांबला का? थांबला तर सब निर्दोष. नाही थांबला तर दोष सबच्या स्वतःच्या ॲम्प्लिफायरमध्ये, केबलचा संबंध नाही.

२. थांबला असेल तर पिन परत लावा, रिसीव्हरला आलेल्या बाकीच्या सगळ्या वायरी, एचडीएमआयसकट, एकेक करून काढा. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सला बाहेरून येणारी कोॲक्स केबल विसरू नका, ती सगळ्यात आधी काढा.

३. रिसीव्हर आणि सब दोन्ही तात्पुरते एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून बघा.

काय होतं ते सांगा. रिसीव्हरचा प्लग दोन पिनांचा आहे की तीन, तेही.

चुटकीसरशी

एवढं कशाला? सबच्या प्लगची वरची मोठी पिन काढून टाका. हमिंग एका मिनिटात बंद. आमच्याकडे सगळे असंच करतात.

जुना रेडिओ

हा सल्ला कुणीही घेऊ नये. ती पिन म्हणजे अर्थिंग. सबच्या आत मोठा पॉवर सप्लाय असतो आणि मागची पत्र्याची प्लेट उघडी असते. आतला फेज त्या पत्र्याला लागला तर अर्थिंगमुळे एमसीबी किंवा फ्यूज जातो. पिन काढलीत तर तोच करंट तुमच्या केबलच्या जाळीतून रिसीव्हरच्या पत्र्यापर्यंत पोचेल आणि हात लावणाऱ्यातून जाईल. हमिंग बंद होतं हे खरं, म्हणून तर ही खोड इतकी पसरली आहे. संपादक, शक्य असेल तर वरच्या प्रतिसादाखाली इशारा लावा.

शनिवारपेठी

पिनेला हात लावलेला नाही, काळजी नसावी :)

निकाल: आरसीए काढली की शांत. रिसीव्हर दोन पिनांचा. लोकल केबलवाल्याची कोॲक्स सेट-टॉप बॉक्समधून काढली आणि घूं पूर्ण गायब! परत लावली की परत. एकाच बोर्डवर लावून थोडा कमी झाला, गेला नाही. म्हणजे केबलवाला दोषी?

वायरमन

केबलवाला, सब आणि मधली तुमची केबल, तिघे मिळून.

सबला अर्थिंग भिंतीतल्या पॉइंटमधून मिळतं. रिसीव्हर दोन पिनांचा, त्याला स्वतःचं अर्थिंग नाही, म्हणून एरवी फेरी पूर्ण होत नाही. पण सेट-टॉप बॉक्स टीव्हीला एचडीएमआयने, टीव्ही रिसीव्हरला एचडीएमआयने, आणि बॉक्समध्ये येणारी कोॲक्सची जाळी बाहेर कुठेतरी, गच्चीवरच्या ॲम्प्लिफायरशी किंवा इमारतीच्या लोखंडाशी, जमिनीला टेकलेली. त्या जमिनीत आणि तुमच्या पॉइंटच्या अर्थिंगमध्ये थोडा व्होल्टेज असतोच. तो करंट वाट शोधत सगळ्या जाळ्यांमधून फिरतो आणि शेवटी तुमच्या नव्या केबलच्या जाळीतून सबला येतो. जाळीच्या रोधावर जो व्होल्टेज पडतो तो सबला सिग्नलच वाटतो. आणि ५० हर्ट्झ हा त्याचा आवडता सूर.

जुन्या जागी फेरी होतीच. केबल ३ मीटरची, जाळीचा रोध कमी, शिवाय दोन्ही प्लग एका बोर्डवर, म्हणून ऐकू येत नव्हतं. आता केबल लांब आणि जाळी ॲल्युमिनियमची विरळ. लांबीचा त्रास होतो तो असा, मागच्या दाराने. बेस जात नाही, घूं येतो. म्हणूनच जुना रेडिओ जाळी जाळी करत होते.

उपाय: कोॲक्स सेट-टॉप बॉक्सला लागते तिथे गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवा. अंगठ्याएवढा असतो, दोन्ही बाजूंना एफ पिना. आतल्या कपॅसिटरमधून टीव्हीचे सिग्नल जातात, ५० हर्ट्झ अडतो. फेरी तुटते. अर्थिंग जागेवर, सुरक्षितता जागेवर.

मोगरा

आमच्याकडे हेच सगळं आहे, पण छत्री आहे, डीटीएच. हाच आयसोलेटर चालेल?

वायरमन

नाही. छत्रीच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला लागणारे १३ किंवा १८ व्होल्ट डीसी सेट-टॉप बॉक्स त्याच कोॲक्समधून वर पाठवतो. कपॅसिटरचा आयसोलेटर डीसी अडवतो, म्हणजे ‘सिग्नल उपलब्ध नाही’. डीटीएचला फेरी दुसरीकडे तोडावी लागते, सबच्या इनपुटवर. तिथे ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो लांब केबलच्या सबकडच्या टोकाला, पुढे अगदी छोटी केबल ठेवून.

मात्र गाडीच्या स्टीरिओसाठी मिळणारा स्वस्त ग्राउंड लूप आयसोलेटर लावू नका. त्यातला ट्रान्सफॉर्मर इवलासा. मोठ्या आवाजाला ४०-५० हर्ट्झच्या खाली त्याचा गाभा भरून जातो, बेस गळतो आणि फाटतो. हमिंग घालवायला बेसच घालवला असं होतं. २० हर्ट्झपर्यंत सपाट असल्याचं कागदावर लिहिलेला, सबसाठीच बनवलेला घ्या. स्वस्त नसतो.

त्याआधी स्वस्तातले उपाय: दोन्ही प्लग एका बोर्डवर, आणि तांब्याच्या दाट जाळीची केबल. कित्येकदा तेवढ्याने घूं ऐकू येण्याच्या खाली जातो.

आणि सगळ्यांसाठी एक: रिसीव्हरमधली सबची लेव्हल उणे दहा-बारावर आणि सबच्या मागचा गेन (आवाज वाढवायची चकती) फुल्ल, अशी उलटी मांडणी असेल तर ती बदला. रिसीव्हरची लेव्हल शून्याच्या थोडी खाली आणा, गेन कमी करा. सिग्नल मोठा, हमिंग तेवढंच, म्हणजे ऐकायला कमी. सब आपोआप झोपण्याची तक्रारही बहुधा यानेच जाते.

शनिवारपेठी

आयसोलेटर लावला. शांत. पूर्ण शांत. बातम्याही दिसतायत.

जुना रेडिओ

छान. आता कॅलिब्रेशनचा माइक काढा आणि सगळं नव्याने मोजा. जागा बदलली की जुने आकडे कामाचे नाहीत. अंतर खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवेल, सबच्या आतलं सर्किट वेळ खातं म्हणून, तसंच राहू द्या. मोजल्यावर ओळखीचं बेस गिटारचं गाणं लावून सबच्या मागचं फेजचं बटण (सबचा सूर उलटा-सुलटा करणारं) ० आणि १८० असं दोन्हीकडे करून ऐका. ज्यात बेस भरतो ते ठेवा.

सब आता तुमच्या कानांच्या मागे आहे. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो ते कानांना फारसं कळत नाही, वरचा कळतो. पुढचे स्पीकर दणकट असतील तर क्रॉसओव्हर (ज्या सुराखालचं सगळं सबला जातं ती रेषा) ८० वर ठेवा. पुढचे स्पीकर मुठीएवढे असून १२० किंवा १५० वर ठेवावं लागत असेल तर पुरुषांचे आवाज अर्धे पडद्यातून आणि अर्धे क्रॉकरी युनिटमधून येतील. आणि क्रॉसओव्हर रिसीव्हरच करतो, तेव्हा सबच्या मागची त्याची चकती एलएफईवर किंवा शेवटच्या टोकाला. दोघांनी एकच काम करू नये.

शनिवारपेठी

बुकशेल्फ स्पीकर आहेत, ८० वर ठेवलं. कॅलिब्रेशननंतर अंतर तीन मीटरच्या वर दाखवतंय, सब हाताच्या अंतरावर असताना. वर वाचलं नसतं तर नक्की बदललं असतं. फेज १८० वर बरं वाटतंय. सासूबाईंची भांडी थांबली.

पहाटवारा

धागा वाचून हुरूप आला. माझा सब वेगळा आहे. डबाबंद होम थिएटरचा जुना सेट, सबला पॉवर प्लगच नाही, मुख्य डब्यातून दोन तारांची वायर येते. मागे ३ ओहम लिहिलंय. मलाही तो साधारण १२ मीटरवर न्यायचाय. हीच आरजी-५९ टाकू?

वायरमन

नका टाकू. तुमचा सब पॅसिव्ह आहे, ॲम्प्लिफायर डब्यात. या वायरीतून खरा करंट वाहतो, तेव्हा वर लिहिलेलं सगळं तुमच्यासाठी उलटं. इथे जाडी हवी, जाळी नको.

तांब्याच्या घरगुती वायरीचा हिशेब सोपा आहे. १.५ स्क्वेअर एमएमला किलोमीटरला साधारण १३.३ ओहम, २.५ ला ८, ४ ला ५. जाऊन-येऊन तुमचे २४ मीटर. म्हणजे अनुक्रमे ०.३२, ०.१९ आणि ०.१२ ओहम. वायरीचा रोध स्पीकरच्या ५ टक्क्यांत राहावा असा ढोबळ नियम. तुमच्या ३ ओहमला ते होतात ०.१५. पहिली वायर गेली, दुसरी काठावर नापास, ४ स्क्वेअर एमएम पास. सब ८ ओहमचा असता तर १.५ सुद्धा चालली असती.

डब्याची क्लिप ४ ची वायर घेणार नाही. दोन्ही टोकांना वीतभर बारीक वायर सोल्डर करून जोडा, वर हीट श्रिंक नळी. डब्याच्या बाजूला कंपनीची वेगळीच पिन असेल तर ती मूळ वायरीसकट कापून वापरा, फेकू नका.

पहाटवारा

४ स्क्वेअर एमएम लाल-काळी घेतली तर चालेल ना? आमच्या इलेक्ट्रिशियनकडे गीझरची उरलेली आहे, पण दोन्ही लालच.

जुना रेडिओ

दोन्ही लाल चालतील, करंटला रंग कळत नाही. एका तारेच्या दोन्ही टोकांना टेप गुंडाळून खूण करा म्हणजे प्लस-मायनस उलटं होणार नाही. आणि पट्टीत एकट्याच टाका. हीच वायर गीझरची असते, पुढे कुणी इलेक्ट्रिशियन ती मेनची समजून जोडून बसेल, तेव्हा दोन्ही टोकांना ‘स्पीकर’ अशी चिठ्ठीही लावा.